खुला ठेवजो

लांजेवारकाकू कुणाच्याही नव्या घरी गेल्या की आधी गच्चीवर जात. देवघर, स्वयंपाकघर, नवे पडदे हे सगळं नंतर. गच्चीवर जाऊन त्या चपला काढत, तापलेल्या स्लॅबवर अनवाणी उभ्या राहत आणि घरमालकाला विचारत, "ऊन किती वाजेपर्यंत राह्यते तुमच्याकडे?" एखाद्याने सांगितलं की दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली येते, तर त्या घराविषयी त्यांचं मत कायमचं वाईट होई. मग खाली कितीही संगमरवर घातलेला असो.

माझी आणि त्यांची ओळखही अशीच झाली. आम्ही सांगलीकडचे. ह्यांना रसमड्याच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही भिलाईला, कोहक्यात, एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. भांडी अजून पोत्यातच होती. दारात एक ठेंगणी, काळीसावळी, साठीची बाई उभी. मराठी ऐकून आल्या असाव्यात असं वाटून मी आनंदाने "या, बसा" म्हटलं. त्या बसल्या नाहीत. माझ्या अंगावरून सरळ गच्चीवर गेल्या, तिथे सगळीकडे फिरल्या आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "कावून वो बाई, एवढं ऊन आहे तुझ्याकडे, अन् वाया चालू देते?"

पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्यासाठी "सांगलीवाली"च राहिले. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही.

काकू मूळच्या गोंदियाकडच्या. काका स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडताना काकू रडल्या होत्या म्हणे, पण घरासाठी नाही, मागच्या बाडीसाठी, परसातल्या भाजीच्या मळ्यासाठी. म्हणून कोहक्यात प्लॉट घेतल्यावर त्यांनी अर्ध्याच जागेत घर बांधू दिलं. उरलेल्या अर्ध्यात वांगी, टोमॅटो, वाल, मेथी, लाल भाजी आणि कुंपणावर कोहळा. प्लांटमधल्या माणसाबरोबर संसार केल्यामुळे त्यांचा दिवसही शिफ्टमध्ये वाटलेला असे. सकाळचं कोवळं ऊन ते फर्स्ट शिफ्टचं, ते मेथीला चांगलं. भर दुपारचं जनरल शिफ्टचं, ते वांग्याच्या फोडींना. "ऊन फुकट भेटते," त्या म्हणत, "पण घरपोच नाई भेटत. आपल्यालेच मांडा लागते."

रोज सकाळी भाजीवाल्याची गाडी आली की त्या त्याला हमखास थांबवत. फुलकोबी कशी, भेंडी कशी, टोमॅटो काल कसे होते, सगळी चौकशी करत आणि "ठीक है, जाओ" म्हणून आत वळत. एकदा तो बिचारा वैतागून म्हणाला, "अम्मा, लेना नहीं है तो पूछती काहे हो?" काकू अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या, "अरे, खुश होने के लिए पूछती हूँ."

तर आमची साझेदारी ठरली. ऊन माझं, भाजी त्यांची, वाळलेला माल अर्धा अर्धा. हिवाळा संपता संपता गच्चीवर जुन्या साड्या पसरल्या जात, चार कोपऱ्यांना विटा. वांग्याच्या फोडी, टोमॅटोच्या चकत्या, मेथी, लाखोरीची भाजी. उडदाची डाळ आणि किसलेला कोहळा फेटून वड्या घातल्या जात. फेटलेल्या पिठाची गोळी पाण्यात टाकून ती तरंगेपर्यंत काकू मला थांबू देत नसत. माझा खांदा भरून येई, तरी "अजून जड आहे" म्हणून पातेलं परत माझ्याकडे. मी कुरकुर करत असे, पण मनातून मला ते आवडे. सांगलीला सासरी एकत्र कुटुंब होतं, आणि एक कांदा चिरायचा तरी मोठ्या जाऊबाईंना विचारावं लागे. इथे निम्म्या वड्या माझ्या होत्या.

पहिल्याच वर्षी, मृगाच्या आधी शेवटचं ऊन दाखवून डबे भरायचे, नेमक्या त्याच वेळी गावाहून काकूंचे भाऊ आजारी असल्याचा निरोप आला. काका-काकू दोघंही निघाले. ऑटोत बसता बसता काकूंनी मला सांगितलं, "बरण्यांत वड्या भरजो. अन् मोठ्या डब्यात खुला ठेवजो. विसरू नको वो."

मी विसरले नाही. वड्या बरण्यांत भरल्या, झाकणं लावली. मोठ्या पत्र्याच्या डब्यात वांग्याच्या फोडी, टोमॅटो, भाजी असं सगळं नीट थरांनी रचलं आणि सांगितल्याप्रमाणे डबा खुला ठेवला. वारा खेळावा म्हणून खिडकीशी नेऊन ठेवला. धूळ नको म्हणून वरून, वाळवणाच्या साड्यांबरोबर आलेली काकांची एक विरलेली लुंगी पसरली. मधे काकूंचा फोन आला.

"खुला ठेवला ना वो?"

"हो काकू, अगदी खुलाच ठेवलाय."

"शाब्बास," काकू म्हणाल्या.

त्याच दिवसांत ह्यांचा कारखाना बंद पडला. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल असं करत पगार थांबला. हे दिवसभर खाटेवर बसून फोनकडे बघत राहायचे. सांगलीहून मोठ्या दिरांचा निरोप आला, परत या, इथे दोन घास सगळ्यांना पुरतील. ते खरंच मनापासून म्हणत होते, पण मला त्या स्वयंपाकघरात परत विचारत उभं राहायचं नव्हतं. मी ह्यांच्याशी वाद घातला. तांदूळ आहे, डाळ आहे, वड्या आहेत आणि तो मोठा डबा आहे. काकू आल्या की वाटा करू, पावसाळाभर भाजी विकत घ्यायची नाही, तोवर तुम्हाला काम मिळेलच. हे अखेर म्हणाले, "बरं, तुझ्या डब्याच्या भरवशावर राहू." आमची हलाखी मी कोहक्यात कुणालाही कळू दिली नव्हती.

काकू परतल्या तेव्हा झड लागली होती. पायांचा चिखल तसाच ठेवून त्या वर आल्या आणि थेट डब्याकडे गेल्या. लुंगी उचलली. कुबट वासाचा भपकारा आला. फोडी मऊ पडल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती, तळापर्यंत.

"झाकण कुठं आहे?" काकूंनी विचारलं.

"झाकण? तुम्हीच तर म्हणालात, खुला ठेव."

"हो. खुला ठेव म्हणलं. मग झाकण कावून नाई लावलं?"

"झाकण लावलं तर खुला कसा राहील, काकू?"

काकूंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अवो सांगलीवाली," त्या म्हणाल्या, "खुला म्हंजे हे. हे वांगं! ओलं आहे तवापर्यंत वांगं, उन्हात पडलं का फोडी, अन् कडक वाळलं का खुला. आमच्याकडे खुलाच म्हणतेत त्याले." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या, खाली बसल्या. जिन्यातून काकांना हाक मारून सांगितलं, तर ते कमी बोलणारे काकाही डोळे पुसत उभे राहिले.

मीही हसायला सुरुवात केली होती. ते हसू कुठे मोडलं कळलं नाही, मी हुंदके देऊन रडायला लागले.

"कावून रडते वो? वांगंच तं होतं," काकू म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. कारखाना, दिरांचा निरोप, ह्या डब्याचा भरवसा. मला वाटलं, आता काकू घरून पीठ-मीठ घेऊन येणार, आणि मला ते घ्यावं लागणार. त्या विचारानेच माझी मान खाली गेली. पण काकू उठल्या, पदर खोचला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुया घरचं मले समजलं. पण माझ्या हिश्श्याच्या खुल्याचं काय? तो कोन भरून देईन? उद्या फर्स्ट शिफ्टले बाडीत ये. अन् तुया नवऱ्यालेई आण. मांडव मोडला आहे माझा."

मी इतकी चकित झाले की रडायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं नुकसानभरपाई करू लागलो. मी वाफे उकरले, भेंडी-चवळी टोकली, अंबाडी आणि लाल भाजी पेरली. हे पहिल्या दिवशी ओढून नेल्यासारखे आले होते. काकांनी त्यांच्या हातात जुन्या सळया आणि तार दिली. संध्याकाळपर्यंत दोडक्याच्या वेलासाठी असा मांडव उभा राहिला की काका त्याला लोंबकळून बघत म्हणाले, "हा तं आमच्या प्लांटमधी चालते." हे हसले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. जे निघेल ते काकू टोपलीतून दोन ढीग करून वाटत, आणि माझा ढीग मोठा दिसला तर माझ्याकडे डोळे वटारून बघत, जणू मीच लबाडी केली. घरी काय आहे, काय नाही, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. माझ्या गच्चीवर फुटक्या बादल्यांत आणि रंगाच्या डब्यांत माती भरवून घेतली आणि टोमॅटो लावायला लावले. "उन्हाची मालकीण तू, अन् रोपं माझ्या दारात कावून?" हे त्यावरचं कारण.

आम्ही सांगलीला गेलो नाही. दिवाळीच्या सुमारास ह्यांना दुसरीकडे काम लागलं. माझ्या नवऱ्याला नोकरी कुणी दिली हे मी विसरून गेले असते तरी चाललं असतं. पण त्या पावसाळ्यात मला मिंधं न करता कुणी जेवू घातलं, हे मी विसरू शकत नाही. माझी चूल माझ्या हाती राहिली ती काकूंमुळे.

शेवटच्या वर्षी काकूंना जिना चढवेना. दम लागे. तरी त्या अंगणात खुर्ची टाकून बसत आणि वर मान करून ओरडत, "ए सांगलीवाली, कोणती शिफ्ट चालू आहे?" मी कठड्याशी येऊन सांगे, "जनरल, काकू!" मग त्या म्हणत, "मंग फोडी उलटव ना. पाहून काय राहिली?" त्या हिवाळ्यातली वांगी त्यांनीच, बसल्या जागी चिरली होती. अर्धी मी वर वाळवली, अर्धी त्यांनी अंगणात. होळीच्या आधी त्या गेल्या.

तेरावा झाल्यावर काका आले. जिना हळूहळू चढून वर आले आणि काखेतला पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. झाकण सुतळीने आवळून बांधलं होतं, वर दोन गाठी.

"दवाखान्यात जायच्या आधी तिनं भरला," काका म्हणाले. "म्हणे, हा सांगलीवालीले द्या. अन् सांगा तिले..." ते हसू दाबत होते की रडू, मला कळेना.

"काय सांगा म्हणाल्या?"

"म्हणे, खुला बंद ठेवजो."

आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघंही रडलो. काकांना मी जेवायला ठेवून घेतलं. सुतळीच्या गाठी सोडल्या, दोन मुठी खुला काढून भिजत घातला, वड्या टाकून रस्सा केला. काका दोनदा भात घेऊन जेवले. ते गेल्यावर मी डब्याचं झाकण लावलं, हाताने दाबून पाहिलं आणि त्याच सुतळीने पुन्हा दोन गाठी मारल्या.