वळणावरची फळी

धबधब्याकडे जाणाऱ्या लाकडी वाटेला चारशे बारा फळ्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक फळी ठोकमामांना नावानिशी ओळखते, असं फाटकावरचा तिकीटवाला म्हणायचा. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी मामा हातात लाकडी हातोडी घेऊन निघायचे. एका फळीवर एक ठोका. चांगलं लाकूड टणक बोलतं, आतून कुजलेलं भद्द. भद्द आलं की फळी बदलायची, मगच लोकांना आत सोडायचं. वाट खांबांवर कमरेइतकी उंच उभी होती, कारण खालच्या खडकांवर शेवाळाची गादी होती. ती वर्षाला नखभर वाढायची आणि बुटाच्या एका टाचेनं मरायची. लोकांनी यावं, डोळे भरून पाहावं, पण पाय फळ्यांवरच ठेवावा, एवढ्यासाठी ती वाट आणि एवढ्यासाठीच मामांची नोकरी. अठ्ठावीस वर्षांची.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग दारावरची थाप, मग टणक आणि भद्द यांच्यातला फरक. मामांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण बायकोपासून काय लपणार? एका सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर चालू लागली. त्यांनी ठोकायचं, तिनं ऐकायचं. फळी चांगली असली की ती गप्प. बिघडलेली असली की त्यांचा डावा हात दाबायची.

त्यासाठी हात हातात धरूनच चालावं लागे. तिकीटवाल्याला आयता विषय मिळाला. या वयात हे शोभतं का, असं त्यानं एकदा विचारलंच. मामांना ते ऐकू आलं नाही, तिला आलं.

"तुझी तरी धरू देते का रे हात?" ती जाताजाता म्हणाली. पुढे कितीतरी दिवस तो मान खाली घालून फाटक उघडत असे.

मामांनी एक कला मात्र स्वतःची स्वतः शिकून घेतली. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान हलवायची. बहुतेक वेळा निभावून जायचं.

मग एका सकाळी फेरी अर्धी असताना, वळणावर, ती कोसळली. आठ दिवस दवाखान्यात होती; मामा कामावर नाहीत म्हणून फाटकही बंदच होतं. शेवटच्या दुपारी लेक उशाशी बसली होती, मामा पायाशी. तिनं त्यांना जवळ बोलावलं, हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. आवाज नव्हताच, नुसता श्वास. सांगून झाल्यावर तिनं त्यांचा हात दाबला. मामांनी मान हलवली. तिचा चेहरा सैल झाला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

वेळेवर जेवत जा, स्वतःला जपा, असंच काहीतरी ती म्हणाली असणार. मामांनी ते मनाशी धरून ठेवलं.

पाचव्या दिवशी ते कामावर गेले. कानांचं सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर ती वाटही सुटणार, जिथे ती रोज त्यांच्या डाव्या बाजूला चालत होती. म्हणून त्यांनी चारशे बारा ठोके मारले, डावा हात अंगापासून जरा लांब धरून. मग फाटक उघडलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी वळणावरची फळी एका बाईच्या पायाखाली मोडली. बाईचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला; खरचटण्यावर भागलं. पण मागच्यांनी घाबरून कठड्यावरून उड्या टाकल्या. सहा-सातजण शेवाळावर धडपडले, घसरले, पुन्हा उठले. ते वर आले तेव्हा खाली सतरंजीएवढा काळा खडक उघडा पडला होता.

कार्यालयातल्या साहेबांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला. माणसं वाचली, फळी बदला, विषय संपला, असा त्यांच्या बोलण्याचा सूर असावा. मामांनी मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं, त्यांच्यासमोर येऊन बसली आणि ओठ दिसतील असं सावकाश बोलली.

"वळणावरची? बाबा, आईनं त्या दुपारी तेच तर सांगितलं. ती फळी आतून गेलीय, आधी बदला, मगच फाटक उघडा. तुम्ही मान हलवलीत."

मामांनी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

लेकीनं आठवून पाहिलं. काहीतरी बनवून सांगावं, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं असेल.

"एवढंच," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी त्यांनी हातोडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. मला ऐकू येत नाही, तीन वर्षं झाली, म्हणाले. साहेबांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पुढे सरकवला: मग तीन वर्षं फळ्या कोण तपासत होतं?

"ही," मामा म्हणाले, आणि त्यांनी डावीकडे पाहिलं.

नवा माणूस येऊन सगळ्या फळ्या तपासेपर्यंत फाटक बंद राहणार होतं. वळणावरची फळी तेवढी मला बसवू द्या, एवढंच मामांनी मागितलं. त्यांनी ती रंधा मारून आणली, खिळे ठोकले, कडा हातानं चाचपल्या. खालच्या उघड्या खडकाकडे त्यांना बघवेना. नखभर-नखभर वाढत तो झाकायचा तर त्यांचंच काय, लेकीचंही आयुष्य पुरणार नव्हतं.

उठण्याआधी त्यांनी फळीवर एक ठोका मारला आणि डावा हात बाजूला धरून उभे राहिले.

हात कुणी दाबला नाही. म्हणजे फळी चांगली होती.