वरंब्यावरची विलायती पऱ्हाटी

त्या सालांत वऱ्हाडात जो तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मागं लागला होता. समुद्रापलीकडं अमेरिका नावाचा मुलूख आहे, तिथं भाऊभाऊच एकमेकांच्या उरावर बसलेत आणि म्हणून विलायतेतल्या गिरण्या आपल्या कापसाकडं डोळे लावून आहेत, एवढं अकोटच्या बाजारात फुटाणे विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. ज्वारीची वावरं पऱ्हाटीखाली गेली. गाईंच्या चराईची पडीक जमीनही लोकांनी वखरून काढली. भाजीपाला लावायचा राहिला तो फक्त माळ्यांनी. त्यामुळं वांग्या-मिरच्यांची टोपली घेऊन बसलेल्या माळणीची बाजारात कधी नव्हे ती विचारपूस होऊ लागली.

माणिकबाई त्यांतलीच एक. तिचं माहेर तेल्हाऱ्याचं, सासर अकोटचं. नवरा सहदेव, गावाबाहेर विहिरीवरचा मळा आणि मोट ओढणारी बैलजोडी, असा तिचा संसार. दिसायला बाई साधी, पण एक खोड तिला लहानपणापासून होती. एखादी गोष्ट अशीच का आणि तशी का नाही, हे कळल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. झेंडूच्या एकाच वाफ्यात काही फुलं केशरी आणि काही पिवळी का, म्हणून तिनं बापाचं डोकं खाल्लं होतं. बाप म्हणाला, "मले काय इचारतं? बी येगळं येगळं लाव अन् तूच पाह्य." तिनं तसं केलं. तेव्हापासून विचारत बसण्यापेक्षा लावून पाहायचं, हे तिच्या अंगी भिनलं. सहदेवाला याचा वैताग येई. वाफ्याच्या एका कोपऱ्यात राख घातलेली मिरची, दुसऱ्या कोपऱ्यात राखेविना मिरची, असं काही ना काही तिचं चाललेलं असायचं.

एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सरकारी कारकून गोवर्धनपंत बैलगाडीतून सरकीची पोती घेऊन अकोटात आला. ही अमेरिकेतली सरकी होती. हिचा धागा लांब निघतो, विलायतेच्या यंत्रांना तोच चालतो, तेव्हा आपल्या मातीत ती येते का हे अमरावतीच्या गोऱ्या साहेबाला पाहायचं होतं. गावचे पाटील खुशालराव हौशी गृहस्थ. त्यांनी नदीकाठच्या काळ्याभोर वावराचा एक तुकडा तिच्यासाठी दिला.

सरकी उगवली ती अशी की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. पानं रुंद, खोड जाड. लोक बघायला येऊ लागले. मग श्रावणात झड लागली. पाऊस हटेचना. उघडीप झाली तेव्हा विलायती पऱ्हाटी पिवळी पडून माना टाकून बसली होती. पलीकडच्या धुऱ्याला, बांधाला लागून, खुशालरावांची गावरान पऱ्हाटी मात्र भिजून निथळून पुन्हा उभी राहिली होती.

"परक्या मुलखाचं बी, आपल्या मातीले कसं मानवन?" लोक म्हणाले आणि घरी गेले.

माणिकबाई घरी गेली नाही. भाजीची टोपली धुऱ्यावर ठेवून ती वावरात उतरली. तिनं एक मेलेलं विलायती झाड उपटलं, मग खुशालरावांना विचारून एक गावरानही उपटलं. दोन्ही मांडीवर आडवी ठेवून ती बघत राहिली. गावरानाची मुळी सोटासारखी सरळ खाली गेलेली आणि पांढरी होती. विलायतीची मुळी टोकाशी काळी पडली होती. माणिकबाईनं ती नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"काय वं माणिकबाई, झाडाचा वास घेऊन राह्यली का?" खुशालराव हसले.

"पाटील, हे सडलं हाय. खोलगटात वांगं लावलं की त्याची मुई अशीच सडते. मातीनं नाई, पान्यानं मेलं हे."

"अन् आमच्या पऱ्हाटीले तेच पानी कसं चाललं?"

तिनं दोन्ही मुळ्या पुन्हा शेजारीशेजारी धरल्या. "तेच तं पाहा लागते," ती म्हणाली.

गोवर्धनपंत झाडं मेल्याची खबर अमरावतीला कशी कळवावी या विवंचनेत होता. त्याच्या पोत्यात थोडी सरकी उरली होती. माणिकबाईनं ती मागितली तेव्हा त्यानं आनंदानं देऊन टाकली. पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर प्रयोग चालू आहे, असं सांगायला त्याला आधार झाला.

पुढच्या मृगात माणिकबाईनं सहदेवाकडं मिरचीची जागा मागितली.

"अवं, मिरचीले गिऱ्हाईक उभं हाय, अन् तू तठी मेल्या झाडाचं बी लावतं?" सहदेव म्हणाला.

"अजी, एका सालाचीच गोठ हाय. नाई आलं तं नाव नाई काढनार."

सहदेवानं कुरकुरत जागा दिली. त्याला वाटलं होतं, ती आपली वरंब्यावर सरकी टोबून मोकळी होईल. पण बाईनं जागेचे चार पट्टे पाडले. दोन पट्टे सपाट ठेवले, उरलेल्या दोहोंत मिरचीला करतात तसे उंच वरंबे ओढले. विलायती सरकी एका सपाट पट्ट्यात आणि एका वरंब्यांच्या पट्ट्यात लावली. गावरानही तशीच दोन्हींकडं लावली. खत चौघांना एकाच ढिगातलं घातलं, पेरणीही एकाच सकाळी केली.

"सपाटीत मरनार हे तुले ठावं हाय, मंग लावतं काहून?" सहदेवाला खरंच कळेना.

"मले वाटते मरन. ठावं कुठी हाय? अन् वरंब्यावरची जगली तं ती वरंब्यानं जगली का यंदा पाऊसच कमी पडला, हे कसं कयन?"

सहदेव डोकं खाजवत मोटेकडं गेला.

पाऊस कमी पडला नाही. आदल्या वर्षासारखीच झड लागली. सपाट पट्ट्यातली विलायती पिवळी पडून झोपली, वरंब्यावरची ताठ उभी राहिली. वरंब्यांमधल्या सऱ्यांतून पाणी वाहून जाताना माणिकबाई इरल्याखाली बसून ते पाहत राही. तिला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. गावरान सपाटीतही जगली होती, पण वरंब्यावरची गावरान तिच्यापेक्षा चांगली भरली होती. हे तिनं मनातही धरलं नव्हतं.

गोवर्धनपंतानं हे पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. विलायती पऱ्हाटी अकोटात उभी आहे, अशी खबर त्यानं अमरावतीला धाडली. उलट निरोप आला की कापसाच्या खात्याचे साहेब स्वतः बघायला येत आहेत.

साहेब यायच्या आदल्या दिवशी माणिकबाई बाजारातून परतली तर मळ्याच्या तोंडाशी तिच्याच झेंडूचं तोरण लागलेलं. आत गोवर्धनपंत समाधानानं उभा. दोन मजूर विळे पुसत होते. सपाट पट्ट्यातली मेलेली विलायती पऱ्हाटी कापून, झाडून जागा आरशासारखी लख्ख केली होती.

टोपली तिच्या डोक्यावरून खाली कशी आली ते तिलाच कळलं नाही.

"हे काय केलं जी तुमी?"

"अहो बाई, साहेब येताहेत. त्यांच्यापुढं मेलेली झाडं ठेवायची का? पाहुणा आला की आपण दारातला केर काढतोच ना?"

"केर नोयता तो!" तिचा आवाज चिरकला. "जगलेली काहून जगली, हे मेलेल्याईकडं पाहूनच समजते. आता साह्यब इचारन, वरंबा कायले? मी काय दाखवू?"

ती बांधावर बसून रडू लागली. गोवर्धनपंत गोंधळला. बाईच्या मळ्याची शोभा वाढवली म्हणून ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं, आणि इथं तर उलटंच झालं होतं. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. 

थोड्या वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले आणि मजुरांना विचारलं, "उपटली का कापली?"

"विळ्यानं कापली, बाई."

ती उठलीच. "मंग मुया आतमंदीच हायेत! खुरपी आना."

तिनं एक बुडखा उकरला. मुळी काळी, टोकाशी मऊ. तिनं ती गोवर्धनपंतापुढं धरली. तो वास घ्यायला गेला आणि खोकलाच.

"हे तर खरंच कुजलंय हो!"

"आता वरंब्यावरची पाहा."

वरंब्याच्या कडेची माती बाजूला करून दोघांनी जिवंत झाडाची मुळी पाहिली. पांढरी, निरोगी. गोवर्धनपंत धोतर खोचून उकिडवा बसला तो उठेचना. दुसरा बुडखा त्यानं स्वतः उकरला, मग तिसरा. प्रत्येक मुळी तशीच निघते का, हे बघायची त्यालाच आता घाई झाली होती. "हीपण तशीच! बाई, हीपण!" तो लहान पोरासारखा ओरडत होता. सहदेव मोट थांबवून बघू लागला.

साहेब आला तेव्हा तोरणाकडं त्यानं लक्षही दिलं नाही. उकरलेल्या मुळ्या पाहून तो थेट मातीत बसला. त्याला मोडकीतोडकी हिंदुस्तानी येत होती, आणि बाजारात बसून बसून माणिकबाईलाही ती पुरती कळत होती.

"ये क्यों मरा?"

"पानी में सड गया, साहब. वरंबे का पानी बहे गया, तो वो बचा."

साहेब गावरानाच्या दोन्ही पट्ट्यांत फिरला. तिनं हे चार पट्टे कुणाच्या सांगण्यावरून केले, असं त्यानं विचारलं. कुणाच्याच नाही म्हटल्यावर तो चारही पट्ट्यांतून पुन्हा एकदा फिरून आला. मग त्यानं गोवर्धनपंताला सांगितलं की कापूस वेचून होईस्तोवर या जागेला कुणी हात लावायचा नाही. गोवर्धनपंताची मान खाली गेली, पण माणिकबाईनं विळ्याचा विषय काढला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर सगळेच खूश झाले असते. पण पऱ्हाटीला ते मान्य नव्हतं. पाऊस सरला, ऊन चढलं आणि वरंब्यावरच्या विलायती पऱ्हाटीची पानं लालसर होऊ लागली. पात्या, म्हणजे कळ्या, गळू लागल्या. माणिकबाईला वाटलं, वरंबा उंच, लवकर सुकतो, झाडाला तहान लागली असणार. तिनं सहदेवाला मोट धरायला सांगितलं.

अमरावतीहून मुद्दाम बघायला आलेला गोवर्धनपंत म्हणाला, "सगळ्यांना पाणी देऊ नका बाई. एका वरंब्याला द्या, एक कोरडा ठेवा. नाहीतर कळणार कसं?"

माणिकबाई त्याच्याकडं बघून खुदकन हसली. "बरोबर हाय जी. ध्यानातच नाई आलं माह्या."

पाणी दिलेला वरंबा आणि कोरडा वरंबा दोन्ही सारखेच लाल झाले. म्हणजे तहान हे कारण नव्हतं. मग कोणतं? ऊन, थंडी, मातीतलं काही? रोज सकाळी ती पानं उलटून पालटून बघे, पण उत्तर सापडलं नाही. बोंडं लागली ती मोजकीच. त्यांतला कापूस मात्र देखणा, रेशमासारखा. गावरानाच्या आखूड धाग्याशेजारी तो ताणून बघताना तिला त्याचा मोह होई.

अमरावतीला साहेबासमोर हा कापूस न्यायचा होता. तिथं सरकारी बागेत इतर ठिकाणांहूनही कापूस येणार होता. गोवर्धनपंतानं तिला आणि सहदेवाला गाडीत बसवून नेलं. वाटेत तो जरा घुटमळत म्हणाला, "बाई, हा धागा फार सुरेख आहे. साहेबाला एवढंच सांगितलं तरी तो खूश होईल. झाडं गळाली हे..."

तो मध्येच थांबला. "नाही, सांगूच आपण," तो स्वतःच म्हणाला.

साहेबासमोर माणिकबाई उभी राहिली. "वरंबा खरा निघाला, साहब. लेकिन ये बीज हमारे इधर नहीं टिकता. धागा अच्छा, झाड हार गया. क्यों हारा, मालूम नहीं."

साहेबाचा चेहरा उतरला. त्यानं तो कापूस हातात घेऊन पुन्हा पुन्हा ताणला. बागेत उभ्या असलेल्या विलायती पऱ्हाटीकडं तो त्यांना घेऊन गेला. तिचीही पानं लाल झाली होती. तोही इतके दिवस कारण शोधत होता. चौघं बराच वेळ त्या झाडांत फिरले, पानं तोडून उन्हात धरून बघितली. कुणालाच काही उमगलं नाही, पण परतताना माणिकबाईला मळ्यातून निघताना वाटत होतं तितकं वाईट वाटलं नाही. एवढ्या दूरच्या माणसालाही तेच कोडं पडलंय, याचा तिला का कोण जाणे धीर वाटला.

पुढं अमेरिकेतली लढाई मिटली, कापसाचा गवगवा ओसरू लागला, साहेबाची बदली झाली. विलायती सरकीचं नाव अकोटात कुणी घेईना. खुशालरावांनी मात्र नदीकाठच्या त्या खोलगट तुकड्यात गावरान पऱ्हाटी वरंब्यावर लावायला सुरुवात केली. पाऊस जास्त झाला की त्यांचंच वावर आधी सावरे. हिवरखेडकडचे त्यांचे व्याही ते बघून गेले आणि त्यांनीही खोलगटात तसंच केलं. गोवर्धनपंत अकोटला आला की मळ्यावर हटकून येई. चहा काही तेव्हा घरोघर नव्हता. गुळपाणी घेई आणि अमरावतीच्या बागेत आता काय लावलंय ते रंगवून सांगे.

एका हिवाळ्यात माणिकबाई माहेरी तेल्हाऱ्याला जाऊन आली. परतल्यावर सहदेवानं तिला लसणाच्या वाफ्याकडं बोलावलं. जरा ओशाळतच.

"हे पाह्य. इकडच्या अर्ध्यात कुडी शेंडा वर करून उभी लावली, तिकडच्यात कशीबी टाकली. बुढे सांगतात उभीच लावा. मले वाटलं, पाहून तं घेऊ."

माणिकबाई खाली बसली. दोन्हीकडची पात तिनं हातानं मापली. "उभीची पात मोठी दिसते."

"अवं, इकडं सकायचं ऊन जास्त येते. कुडीनं नाई ते," सहदेव म्हणाला.

"ऊन तं दोनीकडं सारखंच हाय."

"कुठी सारखं हाय? तू सकायी अठी असतं का?"

बैल मोटेपाशी ताटकळत उभे होते. नवरा-बायको वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून, एकेक पात वाकवून, तावातावानं भांडत राहिली.