कोपरा नसलेलं कार्ड

प्रार्थना मला लहानपणापासून येते, पण विश्वास ठेवायला मी फार उशिरा शिकले. साताऱ्याला माझे वडील ख्रिस्ती देवळाची राखण करायचे, त्यामुळे आमच्या घरी पाठांतराला तोटा नव्हता. डोळे मिटून मी कितीही वेळ बोलू शकायचे. फक्त प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य येतं, तिथे माझी जीभ जड व्हायची. त्याची इच्छा माझ्याहून वेगळी निघाली तर काय, ही धास्ती लग्नानंतर लागली, कारण नवरा फौजेत होता. मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात घाईघाईने उरकून पुढे जायचे.

बांगलादेशची लढाई संपून दोन महिने होत आले होते. मिरजेपासून एसटीने तासाभरावर आमचं गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत मी सासूबाई आणि आठ महिन्यांच्या मुलीबरोबर राहत होते, बालवाडीत शिकवत होते. पायाला गोळी लागून नवरा पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे, एवढं एका पत्राने कळलं होतं. काळजी करू नये, असं त्यात लिहिलं होतं, म्हणून तर मी जास्तच काळजी करत होते. मुलगी गोवराने तापलेली, तिला टाकून पुण्याला जाता येईना. तिचा चेहरा तिच्या बापाने अजून पाहिलाही नव्हता. मग तीन आठवडे एक ओळ आली नाही.

शुक्रवारी सकाळी पोस्टमन आला. एरवी हाक मारणारा, पाणी मागणारा माणूस त्या दिवशी काही न बोलता कट्ट्यावर कार्ड ठेवून सायकलला टांग मारून निघून गेला. मी बाहेर आले आणि जागीच थांबले. कार्डाचा एक कोपरा नव्हता. आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात वरचा पत्ता परक्या अक्षरात.

सासूबाई माझ्या मागून आल्या आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या. माझ्या सासऱ्यांची खबर अशाच कार्डाने आली होती. "आत नेऊ नगंस," त्या म्हणाल्या. "घरच्यानं वाचायचं न्हाई. पाळकसाहेब येऊ देत, ते वाचत्याल." आमच्या देवळाचे पाळकसाहेब शेजारच्या गावी गेलेले, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. सासूबाईंनी पदराच्या टोकाने कार्ड उचललं, मजकूर खाली करून अंगणात ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला.

आता एक कबूल करते. मला वाचता येत होतं. मी शिक्षिका होते, आणि असल्या चालीरीतींवर एरवी सासूबाईंशी तोंड वाजवणारीही मीच होते. पण त्या दिवशी मी सुनेसारखी सून झाले. दगडाखाली जोवर कार्ड आहे तोवर माझा नवरा जिवंत आहे, असा हिशेब मी मनाशी केला आणि चुलीपुढे गुडघे टेकले. शेजारच्या बायका जमू लागल्या. कुणीतरी हुंदका दिला. मी कानांवर हात ठेवून प्रार्थना करत होते. ते कार्ड दुसऱ्या कुणाचं असू दे, ते आलंच नसू दे. देवाला मी सांगत होते, विचारत काहीच नव्हते. इच्छेच्या वाक्यापाशी आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे. मुलगी पाठीशी रडत होती, तिला पाजायचंही मला सुचलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा अंगणात सायकलची घंटा वाजली. कल्हईवाला होता. आमच्या वस्तीत तो पहिल्यांदाच आला होता. म्हातारा, पांढरी दाढी, लुंगीला निखाऱ्यांची भोकं, कॅरेजला भाता आणि कोळशाचं पोतं. घरात काय चाललंय हे त्याला कुठलं माहीत? त्याने पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन बाहेर गेले. पाणी पिऊन त्याने खाली पाहिलं आणि दगड बाजूला सारून कार्ड उचललं.

"चाचा, ठेवा ते!" मी ओरडलेच. "कोपरा फाडलेलं हाय."

त्याने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. माझ्याकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे. "बेटी, ह्यो कोपरा कुणी फाडला न्हाई. हातानं फाडलं की कागुद सोलतोय, कड पांढरी निघतीया. हितं बघ, बारीक बारीक दात हायेत. माझ्या भात्याचं कातडं उंदरं अशीच खात्यात." आणि त्याने कार्ड माझ्या हातात दिलं. मला अक्षर येत न्हाई, तूच वाच, म्हणाला.

वाचल्याशिवाय आता सुटका नव्हती. मी डोळे मिटले आणि सकाळपासून टाळलेलं ते एक वाक्य प्रथमच सबंध म्हटलं. मग कार्ड उलटलं.

मजकूर माझ्या नवऱ्याचाच होता. अंगात ताप, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या साथीदाराने लिहून घेतलेला. जखम चिघळली आहे, पाय काढावा लागेल म्हणतात. मी सही दिलेली नाही. बेळगावला हलवणार आहेत, शुक्रवारी मिरजेला गाडी बदलायची, तीनपर्यंत तिथे आहे. एका पायाच्या माणसाबरोबर राहशील का, ते तुझ्या तोंडून ऐकेन आणि मगच सही करीन. आली नाहीस तर काय ते समजेन.

शुक्रवार तर आजच होता. एक वाजून गेला होता, दुपारची एसटी गेलेली आणि पुढची चारला. सकाळी वाचलं असतं तर अकराच्या गाडीने आरामात पोचले असते. फौजी नवरा मिरजेच्या स्टेशनात तीनपर्यंतच आहे, एवढं सांगून मी रडायलाच लागले.  चाचाने भाता आणि पोतं आमच्या अंगणात उतरवलं, सायकल वळवली. "बस मागं. पोरीला घट धर." सासूबाई गुडघेदुखीच्या, तरी धावत येऊन त्यांनी पोरीच्या अंगावर शाल टाकली.

म्हाताऱ्याने तीन मैल चढाची वाट धापा टाकत काढली. डांबरी रस्त्यावर येताच त्याने सायकल आडवी घालून उसाचा ट्रक थांबवला. "फौजीची बायकू हाय, नवरा मिरजंला गाडीत हाय," एवढंच तो ड्रायव्हरला म्हणाला. भरला ट्रक, प्रत्येक चढाला बैलगाडीच्या वेगाने रांगणारा.  सांगलीच्या विश्रामबागेला उतरून मिरजेची बस धरली तेव्हा अडीच वाजले होते. त्या सगळ्या वाटेत मी काही मागितलं नाही. तू आणलंस, आता तूच बघ, इतकंच देवाला म्हणत होते.

स्टेशनात शिरले तेव्हा बेळगावची गाडी शिटी देत होती. मी खिडकी खिडकीतून हाका मारत पळाले. शेवटून दुसऱ्या डब्यात एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या मानेवरचा तीळ मी ओळखला.

"आवं!"

तो वळला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "आलीस व्हय," तो म्हणाला. "लय वाट बघाय लावलीस."

"सही करा."

"पाय जानार माजा."

"जाऊ दे. तुमी घरला या."

त्याने पोरीकडे पाहिलं. गजांतून बोट पुढे केलं, तिने ते मुठीत धरलं आणि सोडेना. बरोबरच्या शिपायाने कागद आणि पेन दिलं. माझ्यादेखत, डाव्या हाताचं बोट पोरीच्या मुठीत ठेवून, त्याने सही केली. गाडी हलली तेव्हा बोट सोडवून घ्यावं लागलं.

संध्याकाळी घरी आले तर अंगणात भाता नव्हता. चाचा परत येऊन घरातली सगळी भांडी कल्हई करून, पालथी घालून गेला होता. पुन्हा तो आमच्या वस्तीत आला नाही. नावही विचारायचं राहिलं. तो देवदूत होता का, असं आमच्या मंडळीतल्या बायका विचारतात. देवदूताच्या लुंगीला भोकं पडतात की नाही मला माहीत नाही. मी फक्त आभार मानते.

नवरा उन्हाळ्यात कुबड्यांवर घरी आला. गेलेल्या पायाला खाज सुटते म्हणून अजून चिडतो, आणि आपला संसार उंदराने कुरतडला असता म्हणून मला चिडवतो. ते कार्ड माझ्या शास्त्रात, बायबलच्या पानांत, आहे. मन भरून येतं, पुढचं काही दिसेनासं होतं, तेव्हा मी त्याच्या कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवते. त्या सकाळी देवाने माझ्या दारात उत्तर पाठवलं होतं. मी त्यावर दगड ठेवून आत गेले होते आणि उत्तर दे म्हणून त्याच्या विनवण्या करत होते.