जवळ्याचं जाळं

दिराचा कोयता पहिल्यांदा पडला जाळ्यावर. दुसऱ्यांदा माझ्या नवऱ्याच्या हातावर. तीन बोटं तुटून जवळ्यात पडली. आम्ही नुकतीच होडी किनाऱ्याला लावली होती. जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, ते मी सोडलं नाही.

"वैनी, सोड. गावाने ठरवलंय," दीर म्हणाला.

"गावाने, की तू?"

गावाने ठरवलं होतं हे खरं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मासळीचा अभ्यास करणारा एक साहेब अंधेरीच्या आमच्या कोळीवाड्यात वर्षभर येत होता. मी पाटी ओतली की शेजारी उकिडवा बसायचा. जवळा, मांदेली, बोंबील माझ्याकडूनच वेगळं करून घ्यायचा. जवळ्यात नखाएवढी पापलेटची पिल्लं निघायची, ती मोजून वहीत लिहायचा. मी चौथी शिकलेली. मला गंमत वाटायची. चहा पाजायचे त्याला.

मग गावच्या बैठकीत त्याने तीच वही उघडली. दिवाळीनंतर दोन महिने बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची, जाळी लावू नका, पिल्लं वाढतील, गावाची एकूण कमाई वाढेल, म्हणाला.

मी मागून विचारलं, "साहेब, एकूण म्हणजे कोणाच्या घरात?"

"हिला मास्तरीण करा रे," कोणीतरी म्हणालं. पुरुष हसले. साहेब हसला नाही. वहीत मासे आहेत बाई, घरं नाहीत, एवढंच बोलला.

मोठं पापलेट धरायला मशीनची बोट लागते. ती दिराकडे होती. आमच्याकडे वल्ह्याची होडी आणि बारीक जाळं. जवळा सुकवायला मिळाला नाही तर दोन महिने चूल बंद. म्हणून आम्ही जाळं लावलं, भरदिवसा, सगळ्यांदेखत.

दिराने तिसऱ्यांदा कोयता उचलला तो नवऱ्याच्या मानेच्या रोखाने. मी हातातलं जाळं सोडलं, वल्हं उचललं आणि त्याच्या कानशिलावर घातलं. तो पडला. मी परत घातलं. परत कशाला, असं पोलिसांनी विचारलं. तो उठला असता, मी सांगितलं.

पुढे पापलेट वाढलं. साहेबाचा हिशोब खोटा नव्हता.

दीर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मेला. नवरा जगला. मी जगले.