दहा सूचक, नऊ मतं

सिंगापूरला वुडलँड्समधल्या जगदाळ्यांच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने मिळते का, हे विचारायला स्वानंदी गेली, तेव्हा पद्माकर जगदाळ्यांनी तिला तीन प्रश्न विचारले. बाहेर पडताना गॅस बंद करतेस का? मराठीत एम.ए. म्हणजे भाषण लिहिता येतं का? आणि माणूस सगळ्यात जास्त खोटं कुणाशी बोलतो?

तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "स्वतःशी." साहित्याची विद्यार्थिनी. तिला तेच सुचलं.

"चूक," काका म्हणाले. "उमेदवाराशी."

खोली तिला मिळाली.

पद्माकरकाका अठ्ठावन्न वर्षांचे. जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी. सकाळी साडेसहाला कंपनीची बस, गळ्यात पास, डोक्यावर शिरस्त्राण. त्यांच्या कामाचं यश म्हणजे काहीही न घडणं. राजकारणातही त्यांनी तेच यश मिळवलं होतं.

दर पाच वर्षांनी ते साठवलेली सगळी रजा घेऊन गावी जात आणि वडसोळ मतदारसंघातून विधानसभेला अपक्ष उभे राहत. सिंगापूरचं नागरिकत्व त्यांनी एवढ्यासाठीच घेतलं नव्हतं. वडसोळला एसटी स्टँड सुरक्षित व्हावा, शाळेच्या वायरिंगची तपासणी व्हावी, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणणं रास्त होतं. त्याला विरोध करणारा एकही माणूस त्यांना कधी भेटला नाही. मत देणारेही फारसे भेटले नाहीत.

दोन हजार नऊला शिट्टी हे चिन्ह होतं. मतं तीनशे एक्केचाळीस. चौदाला कपबशी. मतं अठ्ठ्याऐंशी. एकोणीसला मिळाला गॅस सिलिंडर, आणि काका अस्वस्थ झाले. चिन्हाच्या चित्रातल्या सिलिंडरला सुरक्षा टोपीच नव्हती. ते दारोदार फिरून लोकांना सांगू लागले, की मतपत्रिकेवर दिसेल तसला सिलिंडर घरात आला, तर अजिबात घेऊ नका, परत पाठवा.

लोकांनी ऐकलं. मतं पडली नऊ.

हरल्याचं काकांना काही वाटलं नाही. हरणं अपेक्षित होतं. पण अपक्षाच्या अर्जावर मतदारसंघातल्या दहा मतदारांनी सूचक म्हणून सही करावी लागते. दहा माणसांनी सही करून उभं केलं आणि मतं नऊ? हा अपघात होता. अपघाताचा तपास व्हायलाच हवा.

सिंगापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये जाड पोलादी दाराची एक छोटी खोली असते. बॉम्ब पडले तर लपायला. बाकीचे लोक तिथे बॅगा आणि तांदूळ ठेवतात. जगदाळ्यांच्या त्या खोलीत तपास चालायचा. भिंतीवर मतदान केंद्रनिहाय तक्ता होता. आठ सूचक आठ वेगवेगळ्या केंद्रांवरचे. तिथे एकेक मत पडलेलं. प्रश्न होता त्र्याहत्तर नंबरच्या केंद्राचा. तिथले सूचक दोन, मत एक.

काकांचं स्वतःचं नावही त्र्याहत्तरलाच होतं. पण अर्ज, छाननी आणि प्रचारात रजा संपायची आणि मतदानाच्या दिवशी ते हटकून जुरोंग आयलंडवर असायचे. स्वतःचं मत त्यांना आजवर कधी मिळालंच नव्हतं. उरले दोघे. एक शैलाकाकू. त्या वर्षी त्या माहेरी थांबल्या होत्या आणि पासपोर्ट दाखवून मत देऊन आल्या होत्या. दुसरा चुलतभाऊ धैर्यशील.

"आता सांग," काका स्वानंदीला म्हणाले, "दोनातून बायको वजा केली की कोण उरतं?"

"अहो, त्या बिचाऱ्याचं नाव काढू नका," काकू बाहेरून म्हणाल्या.

"बिचारा? तोंडावर सांगतो, दादा, तुलाच दिलं! पाच वर्षं झाली, एक शब्द बोललेलो नाही मी त्याच्याशी. पोरीच्या लग्नालाही गेलो नाही."

 काकू एका खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. दर दिवाळीला वडसोळला धैर्यशीलच्या पत्त्यावर खाऊचं खोकं जायचं. पाठवणाऱ्याचं नाव, पद्माकर जगदाळे.

दोन हजार चोवीसच्या निवडणुकीसाठी भाषण स्वानंदीने लिहिलं. तालीम त्या पोलादी खोलीतच झाली. दुसऱ्या देशाच्या राजकारणावर इथे चारचौघांत सभा घेतलेली चालत नाही, आणि काका नियम मोडणारे नव्हेत. दार लावून घेतलं. तांदळाच्या पोत्यावर स्वानंदी बसली. जनता तीच.

"बंधू-भगिनींनो," काकांनी सुरुवात केली, "सभा सुरू करण्यापूर्वी लक्षात घ्या. बाहेर पडण्याचा मार्ग माझ्या उजव्या हाताला आहे. गडबड न करता, रांगेने बाहेर जावं."

"काका, हे मी लिहिलेलं नाही."

"हे लिहावं लागत नाही. रोज कामापूर्वी आम्ही हेच सांगतो."

"वडसोळच्या सभेतही सांगता?"

"प्रत्येक सभेत."

"मग लोक काय करतात?"

काकांनी थोडा विचार केला. "जातात," ते म्हणाले. "पण रांगेने."

लेक ऋचा दारातून डोकावली. "पप्पा, दिस टाइम डोन्ट गो लाह. सो पैसे."

सिंगापूरच्या बोलीत पैसे म्हणजे लाज वाटण्यासारखं. तरीही काका गावी गेले. काकूंचे गुडघे दुखत होते, त्या या वेळी आल्या नाहीत. काकांनी दहा सूचक गोळा केले. दहाही वेगवेगळ्या केंद्रांवरचे, आणि त्र्याहत्तरचा एकही नाही. अपघात घडलेल्या जागी पुन्हा काम काढायचं नाही, हा नियम. चिन्ह मिळालं नेलकटर. त्यात काही खोट निघाली नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी, कारखाना देखभालीसाठी बंद होणार आणि तेव्हा सुरक्षा अधिकारी हजर लागतो, म्हणून ते परतले. निकाल लागला. काका पडले.

केंद्रनिहाय तक्ता आला तो काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी. काकू टेबलावर मटार सोलत होत्या. काकांनी लॅपटॉप उघडला आणि त्यांचा चहा कपातच निवला.

"अकरा," ते म्हणाले.

"अरे वा!" स्वानंदी म्हणाली.

"वा काय? दहा सूचक. दहा केंद्रांवर एकेक मत. बरोबर. पण त्र्याहत्तरला एक आहे. तिथे आपलं कुणीच नव्हतं."

मटाराची एक शेंग काकूंच्या हातात तशीच राहिली.

"धैर्यशीलकाका होते की," स्वानंदी म्हणाली.

 मग काकांनी फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला. पाच वर्षांचा अबोला होता. कानाला लावून ऐकायचा धीर नसावा.

"कोण?" फोन खेकसला.

"पद्मा."

"सापडला होय नंबर?"

"धैर्या, तू मला मत दिलंस?"

"दिलं."

"का?"

"राग आला म्हणून! अख्खा तालुका हिंडलास सह्या मागत. माझ्या दारावरनं दोनदा गेलास, दोनदा! म्हटलं थांब, हिसका दाखवतो याला. गेलो आणि दिलं ठोकून मत."

"आणि एकोणीसला?"

"तेव्हाबी तुलाच. सही केली होती ना अर्जावर? सही करून मत न देणारा हलकट वाटलो का मी तुला?"

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलं. मग छताकडे. स्वानंदीला त्यांच्या डोक्यातली वजाबाकी ऐकू आल्यासारखी वाटली. एकोणीसला त्र्याहत्तर नंबरवर मत एकच होतं. ते धैर्यशीलचं.

"शैला," ते म्हणाले.

"हं."

"मग तुझं कुठे गेलं?"

काकूंनी शेंग खाली ठेवली. "दुसऱ्याला दिलं."

"कुणाला?"

"नाव नाही आठवत. खालचं बटण होतं."

"सही तुझी होती अर्जावर. दहावी."

"सिलिंडरवर बोट ठेवलं होतं हो मी. दाबणारच होते. मग वाटलं, आले निवडून तर?"

स्वानंदीने तोंडात टाकलेला मटार तसाच गिळला.

"एका मतानेसुद्धा येतात माणसं निवडून," काकू म्हणाल्या. "मग वडसोळला बिऱ्हाड हलवा. दारात दिवसभर माणसं, दिवसभर चहा. ऋचाची शाळा इथे. तुम्हीच सांगता ना, धोका लहान असला तरी धोकाच? मी नाही पत्करला."

"पाच वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही तपास इतका मन लावून करत होतात."

"आणि हा? मी याच्याशी…"

"त्याला खाऊ पाठवत होते मी. तुमच्या नावाने."

"मिळतो बरं का, वहिनी!" टेबलावरून फोन ओरडला. "मागच्या वेळची ती अननसाची बिस्किटं झकास होती."

आता काका भडकतील, असं स्वानंदीला वाटलं. तिने शेंगा पुढे ओढून मान खाली घातली. काका उठले. खुर्ची नीट आत सरकवली. पुन्हा बाहेर काढली आणि बसले.

"म्हणजे तुला वाटलं, की मी निवडून येईन?"

"तेव्हा वाटलं खरं. घामच फुटला मला."

"एक लाख ऐंशी हजार लोकांनी मतदान केलं होतं त्या वर्षी," काका हळू आवाजात म्हणाले. "त्यातल्या एकालाही वाटलं नव्हतं. मलासुद्धा नाही."

"मला तर मुळीच नाही," फोन म्हणाला.

काका पोलादी खोलीत गेले. दार उघडंच राहिलं. तपासाच्या तक्त्यात पाच वर्षं दोन रकाने कोरे होते. 'मूळ कारण' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: उमेदवारावर अतिविश्वास. त्याच्या शेजारचा रकाना होता, 'पुन्हा घडू नये म्हणून उपाय'. तिथे पेन थोडा वेळ थांबलं.

मग त्यांनी लिहिलं: गरज नाही.