कुरुंद्याची पिवळी माती

सन एकोणीसशे सदतीस. थंडी पडली होती, ज्वारी हुरड्याला आली होती. त्याच दिवसांत मारोती आमची कुरुंद्याची तालीम सोडून हिंगोलीच्या तालमीत गेला. तालमीतली माती रोज उकरावी लागते, नाहीतर तिचा दगड होतो. किस्से उकरावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात. या एका गोष्टीवर तर ढीग साचला.

माझा नातू कॉलेजात कबड्डी खेळतो. तो म्हणतो, आता खेळाडू हवी तेव्हा टीम बदलतात, त्याला ट्रान्सफर म्हणतात. म्हणोत. आमच्या गावात अशी ट्रान्सफर एकदाच झाली, आणि लोक अजून बोलतात. मी त्याच तालमीतला, दाजीबा वस्तादांच्या हाताखालचा. शाळा फार शिकलो नाही. पण डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

*

आमच्या तालमीची एक रीत होती. नवा पोरगा आला की त्याच्या बापानं आपल्या वावरातल्या ओढ्याकाठची मऊ माती टोपल्यात भरायची, डोक्यावर घेऊन यायचं आणि हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यात, ओतायची. मग पोरानं लंगोट लावायचा. माती आली म्हणजे पोरगा तालमीचा झाला.

लिंबाजीचा बाप आळशी. त्यानं आणलेल्या मातीत खडे, धसकटं, सगळंच होतं. वस्तादांनी टोपलं पाहिलं आणि म्हणाले, "पाटील, कुस्ती खेळायची हाय का ज्वारी पेरायची?"

लिंबाजीला दिवसभर ती माती चाळायला बसवलं. लंगोट दुसऱ्या दिवशी!

त्या मातीत तेल, ताक आणि हळद पडायची. हळद आमच्या गावचीच, म्हणून हात सैल. कुरुंद्याचा पहिलवान फडात उतरला की लोक लांबून ओळखायचे. अंग पिवळं! हिंगोलीवाले मातीत काव टाकायचे. ते तांबडे दिसायचे.

*

मारोतीला बाप नव्हता. त्याची माती आईनं आणली. बाईनं तालमीत पाय ठेवायचा नाही, म्हणून ती टोपलं घेऊन दाराबाहेर उभी राहिली. वस्ताद उठले, तिच्या डोक्यावरचं टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि आत येऊन ओतलं.

पुढं बाळापूरच्या फडात मारोतीचा पाय मोडला. नडगीचं हाड. वैद्यानं कामट्या बांधल्या. आम्ही बैलगाडी जुंपली, खाली कडबा अंथरला.

वस्ताद म्हणाले, "गाडीत हाड हलंल. पोराचा पाय वाकडा बसंल."

"मग कसं न्यायचं?" मी विचारलं.

त्यांनी धोतर खोचलं आणि मारोतीला पाठुंगळी घेतलं. बाळापूर ते कुरुंदा म्हणजे अर्ध्या दिवसाची वाट, मधे दोन ओढे. आम्ही तरणे पहिलवान सोबत चाललो होतो. मी म्हटलं, "वस्ताद, थोडं आमाला द्या."

"तुझी चाल हेंदकाळती," ते म्हणाले. मी चालताना हिसके देतो, हे खरंच.

रिकामी गाडी मागून येत होती. वाटेतले लोक थांबून बघत होते. वस्तादांनी त्याला आईच्या ओसरीवर उतरवलं तेव्हा दिवस मावळत होता. पाय सरळ बसला. मारोती पुन्हा उभा राहिला आणि आधीपेक्षा जड झाला. वस्तादांची कंबर मात्र तेव्हापासून धरली.

*

दोन वर्षांत अशी गत झाली की तालमीत मारोतीला जोड उरली नाही. मी धरून सगळे त्याच्याखाली पडायचो. रोज पडणाऱ्यांशी खेळून पहिलवान वाढत नाही. हिंगोलीच्या उस्तादांनी त्याला बोलावणं धाडलं.

मारोतीनं आठवडा घालवला. मग एका सकाळी हौद्याच्या कडेला येऊन उभा राहिला. लंगोट लावलेला नाही.

वस्ताद माती उकरत होते. वर न बघता म्हणाले, "कवा निघून राहिलास?"

"तुमी न्हाई म्हणा वस्ताद, न्हाई जात."

"न्हाई म्हणायला मी काय तुझी सासू हाय? टोपलं आण."

आम्हाला कळेना टोपलं कशाला. वस्तादांनी आमच्या हौद्यातली पिवळी माती भरली आणि गाडीत ठेवली. हिंगोलीच्या वेशीत गाडी थांबवली. टोपलं डोक्यावर घेतलं आणि भर बाजारातून पायी निघाले. एवढा नावाजलेला वस्ताद डोक्यावर माती घेऊन दुसऱ्याच्या तालमीत चालला! पानवाल्यांनी पानं लावायची थांबवली.

हिंगोलीचे उस्ताद म्हातारे, दाढीला मेंदी लावायचे. ते दारापर्यंत आले. टोपलं बघून त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

वस्तादांनी तांबड्या मातीत पिवळी माती ओतली. म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. खायला लाजतं, दोनदा वाढा."

उस्ताद म्हणाले, "वस्ताद, ये अमानत है. बराबर संभालेंगे."

येताना गाडीत वस्ताद एकदाच बोलले. "बैल हळू हाक," म्हणाले.

*

गावाला हे पटलं नाही. पुढच्या नागपंचमीला तालमीत मातीची पूजा होती. मारोती हिंगोलीहून आला. अंगावर तांबडेपणा होता, तो घासून जात नाही. लिंबाजी दारातच म्हणाला, "रंग तर लवकर बदलला की रे!"

कुणी हसलं. लिंबाजीला चेव आला. "ज्याच्या पाठीवर बसून आला, त्यालाच पाठ दाखवून गेला!"

मारोतीचे कान लाल झाले. तो लिंबाजीला एका हातानं उचलू शकला असता. पण म्हणाला, "व्हय. ते माझ्यावर हाय. फिटलं न्हाई अजून."

आणि परत निघाला.

आतून वस्तादांचा आवाज आला. "मारोती! नारळ कोण फोडंल? ह्या मातीत तुझ्या घरची माती हाय." मग लिंबाजीकडं वळून म्हणाले, "तुझी तर चाळून घ्यावी लागली व्हती!"

लिंबाजी त्या दिवशी प्रसादाला थांबला नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात बाळापूरच्या फडात जोड लागली. हिंगोलीकडून मारोती, कुरुंद्याकडून मी. सगळा फड एकच बोलत होता. मारोती मुद्दाम कुस्ती सोडणार. वस्तादाच्या पठ्ठ्याला पाडायचा नाही!

वस्तादांच्याही कानावर गेलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तो सोडून राहिला असं वाटलं, तर तूच फडातून बाहेर ये. सोडलेली कुस्ती आपल्याला नको."

हलगी लागली. मी पिवळा, तो तांबडा. सलामी झाली. त्यानं पहिली पकड घेतली तेव्हाच समजलं, हा सोडत नाही. मी बराच वेळ टिकलो. माझे दोन डाव त्याला जड गेले. मग त्यानं ढाक मारली आणि मला आभाळ दिसलं. सांगायला लाज नाही. त्याच्याकडून पडलो याचा मला अभिमान आहे.

मारोती तसाच वस्तादांच्या पायाशी आला. लोकांना वाटलं, आता हे तोंड फिरवतात.

वस्ताद म्हणाले, "डावा खांदा अजून उघडा टाकतोस! काहून?"

मागून हिंगोलीचे उस्ताद हसले. "मैं भी रोज यही बोलता हूँ!"

*

नाव झालं तशी गिऱ्हाइकंही आली. एक देशमुख मारोतीला म्हणाले, "आमच्या तालमीत ये. दुधाची म्हैस दारात बांधतो."

मारोती म्हणाला, "मालक, म्हैससुदिक गोठा बदलला की पान्हा चोरती. मी एकदा बदलून बसलो. पुन्हा न्हाई जमायचं."

*

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात वस्ताद विहिरीच्या पायरीवरून घसरले. पाय मोडला. त्या वयात हाड सांधत नाही. आम्ही पाळीपाळीनं त्यांना अंगभर तेल-हळद चोळायचो. वस्ताद हूं की चूं करत नव्हते. बाळापूरचा फड जवळ आला तेव्हा मात्र म्हणाले, "एकदा बघायचा हाय."

फडाच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी जुंपली. कडबा अंथरला, वर गोधडी टाकली. वस्तादांना उचलायला वाकलो, तेवढ्यात मारोती दारात उभा. त्या दिवशी फडातली शेवटची, मोठी कुस्ती हिंगोलीकडून त्याचीच होती. ज्याला दुपारी लढायचं, तो पहिलवान सकाळी पाय मोकळा करायलासुद्धा लांब जात नाही.

त्यानं गाडीकडं बघितलं. म्हणाला, "गाडीत हाड हलंल."

सदरा काढून माझ्याकडं दिला आणि वस्तादांपुढं पाठ करून बसला.

मी म्हणालो, "मारोती, तुझी कुस्ती हाय आज. थोडं आमाला दे."

"तुझी चाल हेंदकाळती," तो म्हणाला.

वस्तादांनी त्याच्या गळ्यात हात टाकले.

ऊन तापलं होतं. रिकामी गाडी मागून येत होती. लिंबाजी ती हाकत होता. दोन ओढे लागले, कोरडे. दुसऱ्या ओढ्याच्या चढाला मारोतीचा दम लागला. पाठीवरून वस्ताद खेकसले, "कंबर वाकवू नको! श्वास नाकानं घे!"

फडाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा हलगी वाजत होती. ती थांबली. हिंगोलीचे उस्ताद काठी टेकत उठले आणि सगळी माणसं बाजूला झाली. मारोतीनं वस्तादांना अगदी पुढं, मातीच्या कडेला, हलक्या हातानं उतरवलं. मग त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला.

वस्तादांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"फिटलं," ते म्हणाले. "आता समोरून सरक. कुस्ती दिसून न्हाई राहिली."

मारोती वळला. त्याची तांबडी पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळी झाली होती.