अर्धं तुमचं, अर्धं डब्याचं

“खाना! तुमीच खाना म्हणाले होते ना मला? मी खानाच सांगितलं! मंग हे लाल पीठ कुठून आलं?”

कौसाबाई गिरणीच्या दारात डबा आपटून ओरडत होत्या. गिरणी चालू होती, पण तिचा आवाज ऐकू येत नव्हता. तिकडे भोकरदनच्या स्टँडवर बाईंचा आवाज कंडक्टरची घंटी समजून ड्रायव्हरनं म्हणे गाडी सोडली. खोटं वाटत असेल तर सोडा.

समोर आमचे गिरणीवाले मामा. भुवयांपासून धोतरापर्यंत पीठ. त्यांचे केस खरेखुरे पांढरे कधी झाले, ते गावाला कळलंच नाही.

मामांना शब्द जोडायचं वेड. किराण्याची पुडी सोडली, की आधी कागदावरचं शब्दकोडं सोडवायचं, मग साखर डब्यात. डब्यांवर नावं लिहायला त्यांचा सक्त विरोध. मी गावच्या शाळेत मास्तर; मला म्हणत, “पाटील म्हटलं की नऊ डबे उठून उभे राह्यतात, मास्तर!” आणि डबेही मेले सगळे एकाच घाटाचे, तुपाचे. म्हणून मामा डब्यावर खडूनं अर्धा शब्द लिहीत आणि उरलेला गिऱ्हाइकाला तोंडी देत. डब्यावर ‘राज’, तुम्हाला ‘वाडा’. डब्यावर ‘कर’, तुम्हाला ‘वत’. परत येऊन आपला तुकडा सांगितला, की मामा डब्यांवरून बोट फिरवत, दोन्ही जोडून बघत आणि आरोळी ठोकत, “जुळलं! उचला!”

अख्खं गाव तोंडात अर्धा शब्द धरून हिंडायचं. एक म्हातारी तर ‘वत, वत’ करत घरी जायची. वाटेत कुणी राम राम घातला तरी उत्तर ‘वत’च. तुकडा सांडला तर पीठ गेलं!

तर कौसाबाई. मंठ्याचे पावणे पोरीला बघायला येऊन बसलेले, पुरण शिजलेलं, आणि राखून ठेवलेल्या गव्हाच्या जागी डब्यात रेशनच्या लाल मिलोचं पीठ. दुष्काळात ती अमेरिकेची ज्वारी खाऊन गावाच्या जिभा गंजल्या होत्या.

“मिलोच्या पुरणपोळ्या घालू का पावण्यांना?”

“पण आक्का, डब्यावर ‘कार’ आहे, तुमी ‘खाना’ म्हणाल्या. कारखाना! बराबर जुळलं की!”

“चुलीत घाला तुमचा कारखाना! पोरीची सोयरीक मोडली तर बघा. उद्यापासून डब्यांवर नंबर टाका, न्हाईतर गावातला एक डबा हितं येणार न्हाई!”

मामा खाली बसले आणि फडक्यानं एकेका डब्यावरचा शब्द पुसायला लागले. ‘राज’ गेलं. ‘कर’ गेलं.

इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तासाभरापूर्वी मीही आपला डबा नेला होता. दळायला टाकली होती मिलो, निघालं गव्हाचं पीठ. मी देवाचे आभार मानले, दोन पोळ्या हाणल्या आणि कुणी बोंब मारतंय का, एवढंच बघायला गिरणीवर आलो होतो. आणखी घटकाभर मी सहज गप्प राहिलो असतो. पण ते फडकं बघवेना.

“मामा, माझंही ‘खाना’च होतं. मी नेला त्या डब्यावर ‘दवा’.”

मामांनी कपाळावर हात मारला, पिठाचा ढग उडाला. “सकाळी कारखाना सुचला, मास्तर. दम निघंना. एका दिवसात दोन खाना देऊन बसलो!”

पुढचं गावानं पाहिलं. माझ्या खोलीतून डोक्यावर डबा घेऊन मामा असे पळाले, की मारुतीच्या पारावरची कुत्री भुंकायची विसरली. कौसाबाईंच्या अंगणात पांढरं भूत शिरलेलं बघून एक पावणा बाजेवर चढला. पण पोळ्या झाल्या. पावण्यांनी माणशी अठरा खाल्ल्या आणि एकोणिसाव्या पोळीला पोरगी पसंत केली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते दिसतात ते दुसऱ्या दिवशीचे. मान खाली, हातात खडू, डब्यांवर ओळीनं एक, दोन, तीन. कौसाबाई आल्या, डबा ठेवला. मामांनी त्यावर चार काढला. बाईंनी तो पदरानं पुसला.

“माझा अर्धा सांगा.”

मामांनी पुसलेल्या जागी खडू टेकवला.

“कोणता देऊ, आक्का?”

“खाना सोडून कोणताबी.”